काळ्या छापातला पांढरा शर्ट

गेल्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाढणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं, “तुम्ही रिटायर झालात ना? कशातून?”

“मी कागद दुरुस्त करायचे.”

“म्हणजे पेपरवर्क? इमिग्रेशनचं?”

“नाही हो. कागदच. फाटलेले, भिजलेले, बुरशी लागलेले.”

बाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि माझ्या ताटलीत एक मोदक जास्तीचा ठेवला.

आमच्याबरोबर इथे आलेल्यांत डॉक्टर होते, इंजिनिअर होते, प्रोफेसर होते. त्यांना आपलं काम एका शब्दात सांगता यायचं. मला ते तीस वर्षांत कधी जमलं नाही. सांगलीला केमिस्ट्री शिकले, लग्न होऊन कॅनडात आले, एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागले आणि तिथेच शेजारच्या टेबलावर चाललेलं काम बघता बघता शिकले. पुढे रीतसर कोर्स केला. मग स्कारबरोत एका प्लाझाच्या मागच्या बाजूला, ड्रायक्लीनर आणि दातांच्या डॉक्टरच्या मधोमध, स्वतःची कार्यशाळा काढली. दारावर पाटी होती, तरी आठवड्यातून एकदा कुणीतरी कोट घेऊन आत यायचंच.

कागदाचं नुकसान पाण्याने होतं, उन्हाने होतं, पण सर्वांत जास्त नुकसान प्रेमाने होतं असं माझं मत झालं आहे. एका गृहस्थांनी आजोबांचा एकुलता एक फोटो नीट राहावा म्हणून प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आणला होता आणि आता तो बाहेर काढून द्या म्हणत होते. एका बाईंनी आपल्या लग्नाचं सर्टिफिकेट फाटलं म्हणून पारदर्शक टेपने मागून पुढून चिकटवलं होतं. टेप काढायला मला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी त्या आल्या आणि म्हणाल्या, “थोडं थांबा, कदाचित त्याची गरज पडणार नाही.” घटस्फोट चालला होता. मी सर्टिफिकेट तसंच पाकिटात ठेवलं. वर्षभराने दोघं हातात हात घालून न्यायला आली.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण मला सांगायचं आहे ते एका चित्राबद्दल आणि ते चित्र करणाऱ्या माणसाबद्दल. दोन हजार सोळा-सतराच्या सुमाराची गोष्ट. मी साठी ओलांडली होती आणि आपल्याला आता सगळं येतं अशा समजुतीत होते.

मार्च संपत आला होता. बर्फ वितळायला लागलं की इथे बेसमेंटमध्ये पाणी शिरतं आणि माझ्याकडे गर्दी होते. त्या गर्दीत नाओमी आली. चाळिशीची, शाळेत शिक्षिका, जपानी आईवडिलांची इथे वाढलेली मुलगी. तिने टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक चौकट टेबलावर ठेवली. (आमचं सगळं बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं. इथे मराठीत लिहिते आहे.)

“माझ्या बाबांनी केलंय,” ती म्हणाली. “मी जन्मायच्या आधी, जपानमध्ये. आई गेल्यावर तिच्या सामानाबरोबर बेसमेंटमध्ये ठेवलं होतं. पंप बंद पडला आणि पाणी आलं.”

मी टॉवेल बाजूला केला आणि दिवा जवळ ओढला.

साधारण दोन वितींचं चित्र. सगळं काळं. पण ते काळं रंग फासलेलं नव्हतं. मखमलीवर हात फिरवावासा वाटतो तसं, खोल, मऊ काळं. त्या काळ्यात एक आडवा बांबू आणि बांबूवर वाळत घातलेला एकच पांढरा शर्ट. खाली थोडं गवत. बस. शर्ट इतका पांढरा होता की तो ओला आहे, थंड आहे, हे कळत होतं. आणि त्या शर्टावरून, डाव्या बाहीपासून पोटापर्यंत, पाण्याच्या डागाची तपकिरी रेघ गेली होती.

“मे महिन्यात आईला जाऊन वर्ष होतंय,” नाओमी म्हणाली. “त्या दिवशी सगळे जमणार आहेत. तिथे मला हे लावायचंय. डाग जाईल?”

“जाईल,” मी म्हटलं.

इतक्या चटकन म्हणायला नको होतं.

हे चित्र कसं केलं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. रबरी शिक्क्यात उठावाला शाई लागते. इथे उलटं असतं. तांब्याच्या पत्र्यात खोलगट जागा करायच्या, त्या शाईने भरायच्या, पत्र्याचा वरचा सपाट भाग खळ दिलेल्या जाळीच्या कापडाने पुसून काढायचा. मग त्यावर ओलसर कागद ठेवून दोन जड रुळांमधून दाबून काढायचं. कागद खाचांमध्ये शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून अशा छापावरून बोट फिरवलं तर शाई किंचित उंच लागते. फिरवू नये, पण लागते.

त्या खोलगट जागा करण्याच्या नाना रीती आहेत, आणि या गृहस्थांनी एकाच पत्र्यावर चार वापरल्या होत्या. ते मखमली काळं करायला दातेरी धारेचं एक अवजार पत्र्यावर झुलवत झुलवत न्यावं लागतं. हजारो वेळा, सगळ्या दिशांनी, जोवर पत्रा सगळीकडून सारखा खरबरीत होत नाही तोवर. नुसत्या या कामाला महिने जातात. मग जिथे शर्ट हवा तिथे तो खरबरीतपणा घासून घोटून गुळगुळीत करायचा, म्हणजे तिथे शाई धरत नाही आणि कागदाचा पांढरा राहतो. म्हणजे शर्ट काढलेला नव्हता. अंधार घासून काढला तेव्हा तो दिसला होता. शर्टाच्या चुण्यांतली करडी सावली राळेची भुकटी पत्र्यावर वितळवून आणि मग ॲसिड लावून आणलेली. गवताच्या रेषा ॲसिडने खाल्लेल्या. आणि कॉलरची शिवण, टाका न् टाका, नुसत्या सुईने तांब्यावर ओरखडून. मी भिंगातून मोजायला लागले आणि सत्तरच्या पुढे सोडून दिलं.

खाली पेन्सिलीने लिहिलं होतं : ३/२०. वीसपैकी तिसरी प्रत. सही आणि एक लाल छोटा शिक्का.

“बाकीच्या प्रती?”

“विकल्या गेल्या. कुठे आहेत कुणाला माहीत. पत्रा एका मित्राकडे ठेवला होता, तोही गेला. एवढंच उरलंय.”

“बाबा अजून छापतात?”

नाओमी हसली. “बाबा? इथे आल्यावर त्यांनी चाळीस वर्षांत एक रेघ काढली नाही.”

मी काम हातात घेतलं. आधी मऊ ब्रशने धूळ काढली. मग एकेका शाईवर पाण्याचा थेंब ठेवून टिपकागदाने टिपलं. काळी शाई उतरत नव्हती. लाल शिक्का उतरत नव्हता. पेन्सिल तर पाण्याला दादच देत नाही. सगळं व्यवस्थित होतं. एप्रिलच्या एका सकाळी मी उथळ ट्रेमध्ये शुद्ध केलेलं पाणी घेतलं, त्यात चिमूटभर चुना मिसळला, छाप पातळ जाळीवर ठेवून अलगद पाण्यावर सोडला आणि चहाला गेले.

दहा मिनिटांनी येऊन पाहते तर शर्ट फुगला होता.

अक्षरशः. दोरीवरच्या कपड्यात वारा भरावा तसा त्या शर्टाच्या मधोमध एक फुगा आला होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो बाहीकडे सरकत होता. क्षणात कळलं काय झालं ते. छाप एका कागदावर नव्हता, दोन कागदांवर होता. वर गाम्पी नावाच्या झुडपाच्या सालीचा, कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ कागद आणि खाली त्याला आधार द्यायला जाड कागद. छापतानाच दोन्ही खळीने एकमेकांना चिकटवलेले. कलाकार असं मुद्दाम करतात, कारण पातळ कागद बारीकातला बारीक ओरखडा उचलतो. ती खळ गव्हाची होती. ती पाण्यात सुटत होती.

भिंगाखाली मला पातळ कागदाची कड दिसली होती. पत्र्याच्या दाबाने उमटणारी खाचच ती, असं मी धरून चालले. दोन्ही अगदी एकमेकांवर होत्या, हे खरं. पण दुसऱ्यांदा बघायला दोन मिनिटं लागली असती, आणि ती दोन मिनिटं मी बघितलं नाही, हेही खरं.

छाप जाळीसकट पाण्याबाहेर काढून मी ओल्या टिपकागदावर ठेवला, वर प्लास्टिक झाकलं आणि खुर्चीवर बसले. तसाच वाळू दिला असता तर फुग्याच्या जागी कायमच्या सुरकुत्या पडल्या असत्या. पुढे गेले असते तर पातळ कागद पूर्ण सुटला असता, आणि ओला गाम्पी उचलताना फाटला तर सगळं संपलं.

खरी भीती मात्र दुसरीच होती. फोन करायची.

त्याला कारण होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी रिचमंड हिलच्या एका निवृत्त डॉक्टरांनी त्यांच्या आईचं पत्र आणलं होतं. ते शिकायला परदेशी निघाले तेव्हाचं. निळ्या शाईतलं, घडीवर फाटलेलं. मी पहिल्या पानाची शाई तपासली, ती पक्की होती. दुसऱ्या पानाच्या शेवटी बाईंचं पेन बदललं होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही. ओल देताच शेवटच्या दोन ओळींचा निळा ढग झाला. डॉक्टर न्यायला आले तेव्हा मी म्हटलं, “इथे आधीच ओल लागली होती असं दिसतं.” त्यांनी मान डोलावली. “हो, आमच्याकडे पावसाळा फार,” म्हणाले. आणि पुढच्या दिवाळीला चकल्यांचा डबा घेऊन आले, थँक यू म्हणायला. त्या चकल्या मी खाल्ल्या. डॉक्टर आता नाहीत. त्या दोन ओळींत काय लिहिलं होतं ते मी वाचलं होतं. ते त्यांना तोंडी सांगता आलं असतं, पण सांगितलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. म्हणून तेही सांगितलं नाही.

मी नाओमीला फोन लावला. शाळेची मधली सुट्टी होती.

“नाओमी, शैला बोलतेय. माझ्या हातून चूक झाली आहे.”

सगळं सांगितलं. मी काय तपासलं, काय बघायचं राहिलं, आता काय स्थिती आहे. पलीकडून मुलांचा गलका ऐकू येत होता.

“नाओमी?”

“तुम्ही म्हणाला होतात, जाईल.”

“हो.”

“आईची एवढी एकच...” तिने वाक्य सोडून दिलं. “मला वर्गावर जायचंय.” फोन बंद झाला.

दुपारी दोनच्या सुमारास दाराची घंटा वाजली. बाहेर एप्रिलमध्येही बर्फ भुरभुरत होतं. दारात एक बुटके, सडपातळ म्हातारे गृहस्थ, चार पायांच्या आधाराच्या काठीसकट, टोपीवर बर्फ. नाओमीने फोनवर सांगितलेलं ऐकून, तिला न कळवता, दोन बस बदलून आले होते.

“ओगिसो,” ते म्हणाले आणि किंचित वाकले. “शर्ट माझा आहे.”

मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं. मी माफी मागायला लागले. त्यांनी हात हलवून मला थांबवलं आणि सरळ टेबलापाशी गेले. प्लास्टिक उचलून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

“तेव्हाही इथेच फुगला होता,” त्यांनी पोटावर बोट दाखवलं. “पहिल्या दोन प्रतींत. खळ पातळ झाली होती. तिसरीला मला वाटलं जमलं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “चाळीस वर्षं धरून राहिली. वाईट नाही.”

“मिस्टर ओगिसो, आता हे असंच वाळवलं तर...”

“नाही, नाही. सगळा सोडवा. हा कागद ओलाच जन्माला आलाय. ओल्याला ओलं भीत नाही. माणूस भितो.”

त्यांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि हात टेबलावर ठेवले. तेव्हा मी पाहिलं. दोन्ही हात थरथरत होते. चहाचा कप धरता येणार नाही इतके.

“हे गेली सहा वर्षं असंच,” ते म्हणाले. “म्हणून हात तुमचे. मी सांगतो.”

एवढ्या वर्षांत कुणाच्या सांगण्यावरून मी काम केलं नव्हतं. पण त्या दिवशी केलं. छाप परत पाण्यावर सोडला. पॉलिस्टरचा पातळ पारदर्शक कागद त्याच्यावर पसरला, म्हणजे ओला गाम्पी त्याला चिकटून राहील. मग जाड कागद खालून इंच इंच सोडवायचा.

“ओढू नका,” ते म्हणाले. “त्याला जायचंय. नुसती वाट करून द्या.”

पाऊण तास गेला. शेवटचा कोपरा सुटला तेव्हा मी श्वास सोडला, आणि कळलं की तेही श्वास धरून बसले होते. पॉलिस्टरवर शर्ट, काळोख, गवत सगळं अखंड होतं, डासाच्या पंखाएवढं पातळ. डागाचा तपकिरी रंग पाण्यात उतरत होता. जाड कागद वेगळ्या ट्रेमध्ये धुतला. पाणी चहासारखं झालं, ते बदललं, पुन्हा बदललं.

आता खरी अडचण. ओला झाला की कागद पसरतो, आणि पातळ कागद जाडापेक्षा जास्त पसरतो. जाड कागदावर पत्र्याच्या दाबाची चौकोनी खाच होती. गाम्पी बरोबर त्या खाचेत बसायला हवा, पण आत्ता तो तिच्यापेक्षा मोठा झाला होता.

“थांबायचं,” ओगिसो म्हणाले.

“किती?”

“तो लहान होईपर्यंत.”

थांबलो. मी डब्यातले पोहे गरम केले, त्यांना चमच्याने खाता येतील अशा खोल वाटीत दिले. त्यांनी विचारलं, यात काय पिवळं आहे. हळद म्हटल्यावर म्हणाले, डाग जात नसेल. नाही जात, मी म्हटलं.

मग ते आपणहून बोलायला लागले. इथे आल्यावर त्यांना स्कारबरोतच इलेक्ट्रॉनिक्सच्या एका कारखान्यात काम मिळालं होतं. रेडिओ-टीव्हीत असतात त्या सर्किटच्या पाट्या करायच्या. तांब्याचा पत्रा, त्यावर नक्षी, बाकीचं तांबं फेरिक क्लोराइडने खाऊन टाकायचं.

“म्हणजे तेच काम,” मी म्हटलं. “छापासाठी करत होतात तेच.”

“अगदी तेच. तेच रसायन, तोच वास. पहिल्या दिवशी आत गेलो आणि वाटलं, घरी आलो. दिवसाला चारशे पाट्या.” त्यांनी वाटी बाजूला सरकवली. “सत्तावीस वर्षं. संध्याकाळी घरी आल्यावर तांब्याकडे बघवायचं नाही. फुमिको म्हणायची, एक तरी करा. मी म्हणायचो, रविवारी.”

फुमिको म्हणजे नाओमीची आई.

“आणि हा शर्ट?”

“माझाच. तेव्हा दिवसा एका ऑफिसात नकाशे काढायचो. साहेबांना पांढरा शर्ट लागायचा. माझ्याकडे एकच होता. फुमिको रोज संध्याकाळी धुवायची, सकाळी मी घालायचो. थंडीत वाळायचा नाही, मग ओलाच. आमचं लग्न नवीन होतं. तिला लाज वाटायची, शेजाऱ्यांना रोज एकच शर्ट दिसतो म्हणून.” ते पुन्हा तसेच खांदे हलवत हसले. “मी म्हटलं, थांब, हा शर्ट मी असा काढतो की लोक भिंतीवर लावतील. रागावली होती. चार दिवस बोलली नाही.”

मी त्या शर्टाकडे पाहिलं. कॉलरच्या शिवणीत एक टाका वाकडा होता. इतका वेळ मला वाटलं होतं की सुई घसरली असेल.

“तो तिने घातलेला टाका आहे,” माझी नजर तिथे थांबलेली पाहून ते म्हणाले.

चारच्या सुमाराला त्यांनी मला टिपकागद गालाला लावून बघायला सांगितलं. आपल्याला बोटांनी ओल कळते असं वाटतं, पण गालाला जास्त कळते. मी केमिस्ट्री शिकले, दमटपणा मोजायची तीन यंत्रं माझ्याकडे होती, आणि मी टिपकागद गालाला लावून उभी होते. “अजून नाही,” ते म्हणायचे. मग स्वतः गाल लावायचे. “अजून नाही.” पाच वाजायला आले तेव्हा म्हणाले, “आता.”

मी पातळ खळ रुंद ब्रशने गाम्पीच्या पाठीला लावली. पॉलिस्टर दोन्ही कडांनी उचलून उलटं केलं आणि जाड कागदावरच्या खाचेवर धरलं. वरच्या दोन कोपऱ्यांपासून सुरुवात. ओगिसो टेबलाच्या कडेला वाकून डोळा कागदाच्या पातळीवर आणून बघत होते.

“डावीकडे. केसभर. अजून. सोडा.”

सोडलं. ब्रशने मधून कडेला हवा काढत गेले. वरचे कोपरे बसले. खालचा डावा बसला. खालचा उजवा मात्र खाचेपासून सुताएवढा आत राहिला. जाड कागदाची एक बारीक पांढरी रेघ तिथे उघडी पडली. पुन्हा उचलला असता तर फाटला असता.

“राहू द्या,” ते म्हणाले.

खाली लोकरीची बनात, वर लोकरीची बनात, त्यावर काच आणि अगदी हलकी वजनं, उंच राहिलेली शाई दबू नये म्हणून. एवढं झाल्यावर मी त्यांना गाडीने घरी सोडायला निघाले. त्यांच्या दारात नाओमी उभी होती, कोट न घालता. वडील कुठे गेले ते तिला ठाऊक नव्हतं. मला पाहून तिचा चेहरा आवळला.

“बसला आहे,” ओगिसो तिला म्हणाले. “डाग गेला. या बाईंचे हात चांगले आहेत.”

आठवड्याने काच काढली. डाग खरंच गेला होता. डाव्या कफाला चहाची किंचित छटा राहिली, पण ती माहीत असणाऱ्यालाच दिसावी इतकीच. काळं पहिल्यासारखंच मखमली होतं. मी रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं : काय चुकलं, कोणी दुरुस्त केलं, कोपरा किती आत राहिला. असा रिपोर्ट मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत होते.

मे महिन्यात त्यांच्याकडे गेले. चाळीसेक माणसं होती. शर्ट समोरच्या भिंतीवर होता आणि त्याखाली फुमिकोबाईंचा फोटो. लोक चित्रापाशी जाऊन शांत उभे राहत होते. नाओमीने मला चहा आणून दिला आणि बाजूला उभी राहिली.

“मी त्या दिवशी फोन ठेवला, सॉरी,” ती म्हणाली.

“मीच सॉरी.”

“बाबा तुमच्याकडे साडेतीन तास होते. काय बोलत होते?”

“कारखान्याबद्दल. तुमच्या आईबद्दल. या शर्टाबद्दल.”

“शर्टाबद्दल काय?”

मी तिच्याकडे पाहिलं. तिला माहीत नव्हतं. एकच शर्ट, शेजारी, चार दिवसांचा अबोला, वाकडा टाका, काहीच. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. हे माझ्याकडून जायला नको होतं.

“त्यांनाच विचारा,” मी म्हटलं. “आत्ता विचारा.”

ती गेली. वडील खुर्चीत बसले होते, त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. ओगिसो आधी मान हलवत राहिले. मग एक हात उचलून त्यांनी भिंतीवरच्या कॉलरकडे बोट दाखवलं, आणि तो हात थरथरत असल्यामुळे बोट नेमकं कुठे आहे ते कळायला नाओमीला उठून चित्रापाशी जावं लागलं. ती नाक कागदाला लागेल इतकी जवळ गेली. टाका सापडला तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला.

पुढच्या शरद ऋतूत ओगिसोंचा फोन आला. “तुम्ही इतके छाप दुरुस्त केलेत. स्वतः किती केलेत?”

“एकही नाही.”

“कसं चालेल?”

शहरात छापचित्रं करणाऱ्यांची एक सहकारी कार्यशाळा आहे. तिथे दर शनिवारी मी त्यांना घेऊन जायला लागले. म्हणजे मी त्यांना नेत होते असं मला वाटत होतं. तिथे ते मला शिकवत होते. तळहाताएवढा तांब्याचा पत्रा. विषय सुचेना, तर म्हणाले, रोज जे दिसतं ते. रोज मला दारातले स्नो बूट दिसतात. ते काढले. राळ सारखी पसरली नाही, ॲसिडमध्ये पत्रा जास्त वेळ राहिला, एक बूट दुसऱ्यापेक्षा मोठा झाला. ओगिसो शेजारच्या स्टुलावर बसून “अजून नाही” आणि “आता” एवढंच म्हणत. मधूनच उठून दुसऱ्या कुणाच्या पत्र्यापाशी जाऊन उभे राहत आणि काही न बोलता मान हलवत. दोन महिन्यांत तिथली निम्मी पोरं त्यांना विचारल्याशिवाय पत्रा ॲसिडमध्ये टाकेनाशी झाली.

“तुम्हीही एक करा ना,” मी एकदा म्हटलं. “हात माझे, तुम्ही सांगा.”

“नाही,” ते म्हणाले. “मी एक चांगला केलाय.”

ते त्यांनी इतकं साधेपणाने म्हटलं की त्यात खंत आहे का ते मी शोधत राहिले, आणि मला ती सापडली नाही.

डिसेंबरात माझा पत्रा छापायला तयार झाला. शाई भरली, पुसली, कागद ओला करून गालाला लावून पाहिला. रुळाचं चाक फिरवलं. बनात उचलली, कागदाचा कोपरा धरून हळूहळू सोलला. बूट आले होते. एक मोठा, एक लहान, आणि आजूबाजूला नीट न पुसल्यामुळे राहिलेला करडा मळ. माझ्या कार्यशाळेत कुणी हा कागद आणला असता तर मी आधी साफ करायला घेतला असता.

ओगिसोंनी तो खिडकीशी नेला. आपल्या शर्टाकडे पाहिलं होतं तितकाच वेळ पाहिलं. मग टेबलावर ठेवला, खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्यापुढे धरली.

“सही,” ते म्हणाले.

“अहो, याच्यावर कसली सही?”

“डावीकडे आकडा. उजवीकडे नाव.”

तीस वर्षांत मी शेकडो कागद हाताळले होते आणि एकावरही माझं नाव नव्हतं. नसावं, हाच आमच्या कामाचा नियम. आपण तिथे होतो हे दिसलं तर काम चुकलं. मी पेन्सिल घेतली. डावीकडे १/१ लिहिलं. उजवीकडे इंग्रजीत सही करायला गेले, बँकेत करते तशी, आणि हात थांबला. मग मराठीत लिहिलं. शाळेच्या वहीवर लिहायचे तसं, शिरोरेघ ओढून : शैला.

ओगिसो खाली वाकले. बोट कागदाला लागू न देता त्यांनी त्या रेघेवरून हवेत फिरवलं.

“वाचा,” ते म्हणाले.

मी वाचलं.

“पुन्हा.”